गोठ्यातली साक्ष

औद्योगिक विषबाधेच्या इतिहासात एक क्रम पुन्हा पुन्हा आढळतो: आधी जनावरे आजारी पडतात, नंतर माणसे. याचे एक मोठे कारण जनावरांच्या एकसुरी आहारात सापडते. माणसाच्या ताटात दहा ठिकाणचे जिन्नस येतात. दुभती गाय मात्र एकाच कारखान्यातून आलेले खाद्य महिनोन्महिने, रोज काही किलो खात असते, त्यामुळे त्या कारखान्यात झालेली चूक तिच्या देहात पुरेपूर उतरते. त्यातच क्लोरीन किंवा ब्रोमीनयुक्त अशी कित्येक संयुगे आहेत, जी पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि चरबीत मुरतात. ती लघवीवाटे बाहेर न पडता अंगात साठत जातात आणि दुधाच्या सायीतून किंवा अंड्याच्या बलकातून खाणाऱ्याच्या पोटात पोहोचतात. गोठ्यातले दुखणे ही अशा वेळी स्वयंपाकघराला मिळालेली आगाऊ वर्दी असते, आणि ती कोणाच्या टेबलावर जाऊन पडते यावर पुढचे बरेच काही ठरते.

जपानमध्ये ही वर्दी दोनदा वाया गेली. मिनामाता येथे खाडीतले मासे खाणाऱ्या मांजरांना झटके येऊन ती मरू लागली होती, तेव्हा माणसांच्या आजाराची अधिकृत नोंदही झालेली नव्हती. पुढे १९५९ मध्ये, त्या पाण्यात सांडपाणी सोडणाऱ्या चिस्सो या रसायन कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी खाद्यात मिसळून एका मांजराला दिले, त्यात तीच लक्षणे दिसली, आणि कंपनीने तो निष्कर्ष बाहेर जाऊ दिला नाही. तिथे साक्ष सरळ दाबली गेली. १९६८ सालचा कानेमी प्रसंग अधिक अस्वस्थ करणारा आहे, कारण त्यात दडपणाऱ्यांइतकाच वाटा निव्वळ चाकोरीचा होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिम जपानात सुमारे २० लाख कोंबड्या धापा टाकू लागल्या आणि त्यांतल्या सुमारे ४ लाख मेल्या. माग काढणाऱ्यांनी काम चोख केले: भाताच्या कोंड्याचे तेल शुद्ध करताना उरणारे काळपट तेल कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते, आणि ते कानेमी कंपनीच्या कारखान्यातून येत होते. पशुखाद्य तपासणारे अधिकारी वसंत ऋतूतच त्या कारखान्यात जाऊन आले. त्याच कारखान्यात माणसांच्या खाण्याचे तेलही तयार होत होते, आणि त्याचा वास घालवण्यासाठी ते तापवताना नळ्यांतून खेळवलेले पीसीबी, म्हणजे पॉलीक्लोरिनेटेड बायफिनाइल हे औष्णिक द्रव, गळून तेलात मिसळले होते. परंतु अधिकाऱ्यांचे खाते शेतीचे होते, तेल खाणारी माणसे आरोग्य खात्याची होती. अंगावर काळसर डाग आणि पुटकुळ्या उठलेल्या रुग्णांची बातमी ऑक्टोबरमध्ये छापून आली, तोवर तेल विकले जातच होते.

खात्यांची ही वाटणी महाराष्ट्रातल्या वाचकाला परकी वाटू नये. येथेही जनावर मेले तर पशुसंवर्धन विभाग, नदी नासली तर प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि दूध बिघडले तर अन्न व औषध प्रशासन. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री निळी झालेली दिसली तेव्हा यंत्रणा चटकन हलली आणि एका कारखान्याला टाळे लागले खरे. पण निळा रंग छायाचित्रात येतो. चरबीत मुरलेले विष येत नाही.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९७३ मध्ये नेमके हेच घडले. तेथील मिशिगन केमिकल कंपनी दोन पदार्थ बनवी: दुभत्या जनावरांच्या खाद्यात घालायचे मॅग्नेशियम ऑक्साइड, ज्याचे नाव ‘न्यूट्रीमास्टर’, आणि प्लास्टिकने सहजी पेट घेऊ नये म्हणून त्यात मिसळायचे ‘फायरमास्टर’, म्हणजेच पीबीबी, पीसीबीचे ब्रोमीनयुक्त भावंड. छापील पिशव्यांचा तुटवडा पडल्यामुळे दोन्ही माल साध्या कागदी पिशव्यांत भरला गेला, नावांतला फरक कोणाच्या ध्यानात आला नाही, आणि फायरमास्टरच्या काही पिशव्या फार्म ब्युरो सर्व्हिसेसच्या खाद्य कारखान्यात पोहोचून पशुखाद्यात मिसळल्या गेल्या. गाईंनी खाद्याला तोंड लावणे सोडले, दूध झपाट्याने आटले, खूर वेडेवाकडे वाढले, काही गाभडल्या. व्यवस्थापनात खोट असेल, असे उत्तर शेतकऱ्यांना मिळत राहिले, जणू पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणाऱ्यांना एकाएकी गुरे राखता येईनाशी झाली होती.

कोडे सुटले ते फ्रेडरिक हॅल्बर्ट या दूध उत्पादकाच्या चिकाटीमुळे, आणि हा शेतकरी रसायन अभियांत्रिकी शिकलेला होता, हा निव्वळ योगायोग. त्यांनी काही वासरांना मुद्दाम तेच खाद्य देऊन पाहिले, स्वतःच्या खर्चाने प्रयोगशाळांचे उंबरठे झिजवले. आयोवातील एका प्रयोगशाळेत नमुन्याचे घटक वेगळे करणारे यंत्र जेवणाच्या सुट्टीत चालूच राहिले, आणि नेहमीच्या तपासणीत ज्यासाठी कोणी थांबत नसे असे उंचच उंच शिखर आलेखावर फार उशिरा उमटले. एप्रिल १९७४ मध्ये बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात जॉर्ज फ्राइस यांनी ते पीबीबी म्हणून ओळखले, कारण त्यांनी त्या पदार्थावर पूर्वी काम केलेले होते. दरम्यानच्या महिन्यांत राज्यातले लोक ते दूध, मांस आणि अंडी खात होते.

पुढे ५०० हून अधिक शेतांवर निर्बंध आले. सुमारे ३० हजार गुरे आणि १५ लाख कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. मे १९७४ मध्ये ठरलेली दशलक्ष भागांत १ भाग ही मर्यादा नोव्हेंबरात ०.३ वर आली, आणि १९७७ मध्ये राज्याने दुभत्या गाईंसाठी ती ०.०२ केली. खाद्य कारखान्यातली यंत्रे दूषित राहिल्याने पुढच्या घाण्यांतही विष उतरत गेले होते, त्यामुळे कित्येक कळपांत ते थोडेच सापडले. अशा कळपांच्या मालकांचे हाल सर्वाधिक झाले, कारण गाय डोळ्यांसमोर खंगत असली तरी आकडा मर्यादेच्या आत असेल तर ती कागदोपत्री निरोगी ठरे. एकाच पदार्थाची सुरक्षित मर्यादा तीन वर्षांत पन्नास पटींनी खाली येते, यावरून पहिला आकडा विषाविषयी किती आणि प्रशासनाच्या सोयीविषयी किती सांगत होता, याचा अंदाज बांधता येतो.

कळप पुरणे दूध-मांसाच्या शुद्धतेसाठी अटळच होते. मात्र त्याबरोबर अभ्यासाचे एक मोठे साधनही खड्ड्यात गेले. गाईची पिढी दोन-तीन वर्षांत उलटते. बाधित गाईंच्या कालवडी, त्यांचे वयात येणे, त्यांचे गाभण राहणे हे सारे थोडा कळप राखून दशकभरात पाहता आले असते. माणसांच्या बाबतीत त्याला पाव शतक लागले: गर्भात आणि मग अंगावरच्या दुधातून अधिक पीबीबी मिळालेल्या मुलींना पाळी लवकर आली, हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतल्या थोरल्या मुली पंचविशीला टेकल्या होत्या.