ऐकणें आणि ऐकविणें

तारीख २९ मे २०२३, वार सोमवार. नागपुरालगतच्या कोराडीस ६६० मेगावॅटचे दोन नवे औष्णिक संच उभारण्याच्या प्रस्तावावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानें त्या दिवशीं जनसुनावणी घेतली. नागपुरचा मे महिना ज्यांस ठाऊक आहे त्यांस, दार उघडें असणें आणि माणसाला आंत येतां येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत हें निराळें सांगावयास नको. रोज बुडवून येणाऱ्या मजुरास कायद्यानें बोलण्याचा हक्क दिला. यावयाचें कसें, हें त्याच्यावर सोडलें.

तथापि आमचा प्रश्न याहून खोल आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें अशा सुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधीं द्यावी लागते, उपस्थित प्रत्येकास शंका विचारण्याची संधि असते, आणि अखेरीस कामकाजाचा गोषवारा लोकांच्या भाषेंत समजावून द्यावा लागतो. तरतूद चांगली आहे. परंतु प्रस्तावाची पारख तेथें होत नाहीं. ती करणारी केंद्राची तज्ज्ञ समिति दूर दिल्लीची. तिच्या बैठकीस अर्जदारास स्पष्टीकरणासाठीं बोलावितात. आक्षेप घेणाऱ्याच्या वांट्यास मागाहून इतिवृत्त येतें. जनतेस ऐकविण्याचा हक्क आहे, ऐकण्याचा नाहीं!

बंद दाराचे कैवारी म्हणतात, प्रेक्षकांसमोर तज्ज्ञ मोकळेपणें बोलणार नाहींत. यांत तथ्य आहे. गॅलरीकडे पाहून भाषण ठोकणारे सभासद कोणी पाहिले नाहींत? पण संकोच हा बोलणाऱ्या तज्ज्ञाचा, आणि धूर जावयाचा दुसऱ्याच्या छातींत. शिवाय अर्जदार समोर बसला असतां जो मोकळेपणा टिकतो, तो कोराडीच्या शेतकऱ्यामुळेंच कसा नाहींसा होतो, हें आम्हांस उमगत नाहीं. अमेरिकेनें १९७६ सालीं संघीय मंडळांच्या बैठकी कांहीं अपवाद ठेवून जनतेस खुल्या केल्या व त्या कायद्यास सूर्यप्रकाशाचें नांव दिलें. (सूर्यप्रकाशाची वाण नागपुरास तरी नाहीं.) आमच्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें एवढेंच सांगितलें, कीं बैठकी खुल्या आहेत किंवा कसें, तें प्रत्येक कार्यालयानें जाहीर करावें. दार बंद असल्याची पाटी लावली तरी तो पाळला जातो.

सारी बैठक खुली करणें आज जड वाटत असेल, तर अर्जदाराशेजारीं आक्षेपकांपैकीं एकास खुर्ची द्यावी. त्यास बोलूंहि देऊं नये. नुसतें ऐकूं द्यावें.