पराक्रम आणि वहिवाट

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्याकडे फुटबॉल होता, पण अखिल देशाची म्हणावी अशी एकही साखळी स्पर्धा नव्हती, आणि ज्या लोकांना एकत्र बसून वर्षाचे वेळापत्रक आखता येत नाही त्यांना राष्ट्र म्हणवून घेण्याचा अधिकार नाही, असे आमच्या नगरातील एका वयोवृद्ध वकीलसाहेबांनी परवा वाचनालयाच्या पायरीवर उभ्या उभ्या जाहीर करून टाकले. त्यांच्या बोलण्यात फैसला आधी येतो आणि कारणमीमांसा मागाहून. कधी कधी ती येतच नाही. मी विषय बदलला खरा, परंतु ते विधान काही केल्या मनातून जाईना. कारण त्याचा पूर्वार्ध खरा होता आणि उत्तरार्ध खोटा, आणि अशा जोडविधानाइतका उपद्रव निखळ असत्यही देत नाही.

पूर्वार्धाविषयी वाद नाही. राष्ट्रीय फुटबॉल लीग या नावाची स्पर्धा आपल्या देशात सुरू झाली ती 1996 साली. त्यापूर्वी राज्य होते ते चषकांचे: मुंबईत 1891 पासूनचा रोव्हर्स चषक, कलकत्त्यास आय. एफ. ए. शील्ड, सिमल्यास ड्युरँड. मोहन बागानने 1911 साली ईस्ट यॉर्कशायर पलटणीला नमवून शील्ड मिळवली ती हकीकत सर्वश्रुत असल्यामुळे येथे उगाळत बसत नाही. लीग होत्या, पण शहरापुरत्या. कलकत्त्याची 1898 पासून, मुंबईची हारवूड लीग 1902 पासून. चषकांवर नावे कोरली जात ती बहुतांशी गोऱ्या पलटणींची, आणि पलटण ही मुळातच तैनातीची बाब. आमच्याकडे भिंगारलगत लष्कराची मोठी छावणी त्या काळीही होती. तेथे आलेली पलटण वरून हुकूम सुटला की बाडबिस्तरा आवरून दौंड-मनमाड लोहमार्गाने दुसऱ्या मुलखात निघून जाई. ज्या संघाचे गाव कोणते हे लष्करी दफ्तर ठरवते, त्याला साखळीत कोणत्या गावाच्या नावे बसवायचे?

उत्तरार्धाचे खंडन मात्र करणे भाग आहे. पश्चिम जर्मनीने 1954 साली विश्वचषक जिंकला तेव्हा त्या देशात राष्ट्रीय लीग नव्हती. बुंडेसलीगा सुरू झाली 1963 साली. ब्राझीलने 1958, 1962 आणि 1970 असे तीन विश्वचषक घरी नेले आणि मग कोठे 1971 साली आपल्या राष्ट्रीय लीगची घडी नीट बसवली. उलट इटलीत सबंध देशाची एकसंध लीग 1929-30 साली सुरू झाली तेव्हा मुसोलिनीची हुकूमत ऐन भरात होती. त्या उत्तम वेळापत्रकामुळे तेथील प्रजा अधिक स्वतंत्र झाली असे वकीलसाहेबही म्हणणार नाहीत. (म्हणतीलही, त्यांचा भरवसा नाही.) शिवाय अंतर नावाची एक गोष्ट असते. मुंबई आणि कलकत्ता यांमध्ये बाराशे मैल आणि मेलगाडीच्या दोन रात्री. ज्या खेळाडूंची चूल कचेरीतील कारकुनीवर पेटत होती, त्यांनी दर पंधरवड्यास तो प्रवास करायचा कसा, आणि भाड्याचा तजवीजदार कोण?

खरे सांगायचे तर लीगची उणीव मला कधी जाणवलीच नव्हती. माझा एक जुना, आवडता भेद आहे: पराक्रम आणि वहिवाट. चषक हे पराक्रमाचे क्षेत्र. एका दुपारी जो श्रेष्ठ ठरला तो श्रेष्ठ, आणि हरलेल्याने कैफियत मांडायची नाही. लीग ही वहिवाट. तीत आठ-नऊ महिने त्याच बांधावरून ये-जा करावी लागते आणि अखेरीस हिशेबाची बेरीज पाहून मालकी ठरते. आमच्या जिल्ह्याची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या पक्षाची. चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा भरते आणि जत्रेला जोडून कुस्त्यांचा हगामा होतो. ऊन कलले की हलगी कडाडू लागते. आधी रेवड्यांवर पोरासोरांच्या कुस्त्या, मग पंचमंडळी आखाड्यात उतरून जोड लावतात, म्हणजे दोन गड्यांना समोरासमोर उभे करून उंची, दंड, मान असे सर्व केवळ नजरेने जोखतात, इनाम पुकारतात आणि बाजूला होतात. कुस्ती निकाली झाली तर जिंकलेला गडी मातीने माखलेल्या अंगानेच गर्दीतून फिरतो आणि लोक त्याच्या हातावर नोटा ठेवतात. नाहीच झाली तर ती बरोबरीत सोडवली म्हणून ओरडा होतो, कारण बरोबरी हा कोणालाच निकाल वाटत नाही. या सर्व व्यवहाराची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. चषकाचा आनंद मला नेहमी याच जातीचा वाटत आला आहे.

वकीलसाहेबांचा दुसरा मुद्दा असा की लीगमध्ये नशिबाला वाव नसतो. 42 सामन्यांत जो पुढे राहिला तोच खरा. यावर माझ्याकडे 1923-24 चा इंग्लंडमधील हंगाम आहे. पहिल्या श्रेणीत बावीस संघ, ऑगस्टपासून मेपर्यंत खेळ, आणि शेवटी हडर्सफील्ड टाउन व कार्डिफ सिटी या दोघांचेही गुण बरोबर 57. हडर्सफील्डने 60 गोल केलेले आणि 33 खाल्लेले. कार्डिफने 61 केलेले आणि 34 खाल्लेले. त्या काळी अशा प्रसंगी गोलांची वजाबाकी न करता भागाकार करीत. तो केला तेव्हा एकीकडे 1.818 आले आणि दुसरीकडे 1.794, हडर्सफील्ड अजिंक्य ठरले ते 0.024 ने. वजाबाकी केली असती तर दोघांच्याही खाती 27 उरले असते, आणि आजच्या रिवाजाप्रमाणे अधिक गोल करणारा म्हणून कार्डिफ वर गेला असता. एवढ्यावर भागत नाही. अखेरच्या दिवशी बर्मिंगहॅमच्या मैदानावर कार्डिफला पेनल्टी मिळाली होती; लेन डेव्हिसने ती दवडली आणि सामना गोलशून्य सुटला. नऊ महिन्यांचा हा महान न्याय अखेर एका लाथेवर आणि एका अपूर्णांकावर येऊन ठेपला. त्याच 1923 साली मोहन बागान मुंबईस रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून 4-1 असा हरला. या निकालात कोठेही दशांशचिन्ह नाही.

परंतु 1923 सालातच आणखी एक गोष्ट घडली, आणि ती माझ्या बाजूने साक्ष द्यायला तयार होत नाही. मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत त्या वर्षी हिंदू संघाचे नेतृत्व पळवणकर विठ्ठल यांच्याकडे आले आणि संघाने युरोपियनांना हरवले. विठ्ठलांचे ज्येष्ठ बंधू बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले होते. पराक्रम म्हणावा तर याहून निराळा काय असतो? तरीही कर्णधारपदाची नेमणूक त्यांना कधी लाभली नाही, कारण हे भाऊ चांभार समाजात जन्मले होते. कौतुक झाले, सत्कार झाले, जागा मात्र मिळाली नाही.

हेच कलकत्त्यासही झाले. मोहन बागानने शील्ड जिंकली तरी लीगच्या पहिल्या श्रेणीत प्रवेश मिळण्यास 1915 साल उजाडावे लागले, आणि त्या श्रेणीत दोनहून अधिक भारतीय संघ असू नयेत ही अट पुढेही काही वर्षे टिकली. ती हटल्यावर 1925 साली ईस्ट बंगालला वाट मिळाली. म्हणजे ज्या विजयाच्या गोष्टी आपण आजतागायत सांगतो त्याने त्या अटीतील एक अक्षरही तत्काळ बदलले नव्हते. एका दुपारचा पराभव राज्यकर्त्यांना पचवता येतो, किंबहुना त्यावर टाळ्याही वाजवता येतात. पुढल्या आठवड्यात त्याच माणसांना पुन्हा मैदानात येऊ देणे ही गोष्ट निराळी.

1934 साली मोहमेडन स्पोर्टिंग प्रथमच पहिल्या श्रेणीत आला आणि त्याच वर्षी त्याने ती लीग जिंकली. त्याआधीच्या छत्तीस वर्षांत एकाही भारतीय संघाला ते साधले नव्हते. बंगळुरासारख्या दूरच्या शहरांतून खेळाडू आणले गेले होते. ओल्या मैदानावर बूट घालण्याची सवय लावून घेतली गेली होती. आणि मग 1938 पर्यंत ओळीने पाच वर्षे तेच नाव तक्त्याच्या माथ्यावर राहिले. पहिल्या वर्षी यदृच्छा म्हणता आली असती, दुसऱ्या वर्षी पावसाला बोल लावता आला असता. पाचव्या वर्षी बोलायला काही उरले नाही. मुंबईस बंगलोर मुस्लिम्सने 1937 आणि 1938 साली रोव्हर्स जिंकला, 1940 साली मोहमेडनने रोव्हर्स आणि ड्युरँड दोन्ही घेतले. पण हे चषक त्या वहिवाटीच्या मागून आले. (संघांची नावे धर्मावरून असावीत हे मला रुचत नाही, मुंबईचे चौरंगी सामनेही त्याच दोषाने खंगले. तो विषय स्वतंत्र आहे.)

तेव्हा मला लीग हवी ती नशीब हद्दपार होते म्हणून नव्हे. ते होत नाही, हडर्सफील्डला विचारा. ती हवी, कारण तीत खेळण्यापूर्वीच प्रतिपक्षाला तुम्हांला तारीख द्यावी लागते, परतीच्या सामन्याची तारीख द्यावी लागते, आणि आपल्या नावाखाली का होईना, पण त्याच तक्त्यात तुमचे नाव छापून द्यावे लागते. चषकात हरलेला गावी जातो. लीगमध्ये हरलेला शनिवारी पुन्हा हजर होतो. बाहेर ठेवलेल्याला जिंकण्याच्या अधिकारापेक्षा हरून परत येण्याचा अधिकार मिळवणे कठीण जाते. वकीलसाहेब यास आपला विजय म्हणतील, आणि त्यांना तो खुशाल मिळो. पण त्यांना राष्ट्राचे प्रमाणपत्र हवे आहे आणि मला तारखा. देशातील प्रांतांना एकत्र आणणारी संतोष ट्रॉफी 1941 साली सुरू झाली तीही बाद पद्धतीचीच होती, याचे मला पूर्वी काही वाटले नव्हते, आता वाटते.

वहिवाटही अबाधित नसते. कार्डिफने 1927 साली आर्सेनलला 1-0 असे हरवून इंग्लंडचा एफ. ए. चषक जिंकला, तो चषक इंग्लंडबाहेर गेला तो आजवर तेवढ्या एकाच वेळी. दोन वर्षांत तोच संघ पहिल्या श्रेणीतून घसरला, 1931 साली तिसरीत गेला, आणि 1934 साली तिसऱ्या श्रेणीच्या दक्षिण विभागात सर्वांत खाली राहिला. तळाच्या संघांनी आपली जागा टिकवण्यासाठी रीतसर अर्ज करावा आणि त्यावर मतदान व्हावे असा तेथील दंडक होता. मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्त्यास पहिली लीग जिंकली त्याच उन्हाळ्यात कार्डिफचा अर्ज मतास पडला. तो मंजूर झाला, आणि ऑगस्टपासून त्यांना पुन्हा तारखा मिळाल्या.