सरासरी कुणाची?

मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर विभागात धारावी येते, माहीम येते आणि शिवाजी पार्कसकट दादरही येते. २०२० मध्ये करोनाचे रोजचे आकडे जाहीर होत, तेव्हा या एकाच विभागाचे आकडे दादर, माहीम आणि धारावी असे वेगवेगळे दिले जात. तिन्हींची एकच बेरीज हातात पडली असती, तर तिच्यावरून कुणाला काहीच ठरवता आले नसते. साथीच्या धामधुमीत पालिकेला जे कळले, ते आपल्या आरोग्य संशोधनात मात्र अजून मुरलेले नाही. वस्तीचे दारिद्र्य आणि तिथले आजारपण यांचा संबंध तपासायचा म्हटले की अभ्यासक विभागनिहाय तक्ते उघडतो, कारण हाताशी तेच असतात. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास आणि तेव्हाचे प्रशासकीय विभाग २४. म्हणजे एका विभागात सरासरी पाच लाखांवर माणसे. इंग्लंडमध्ये मात्र वंचिततेचा निर्देशांक, म्हणजे वस्तीच्या दारिद्र्याचे माप, साधारण दीड हजार वस्तीच्या तुकड्यासाठी काढतात.

सरासरी किती झाकते, याचा पुरावा साथीच्याच वर्षी मिळाला. जुलै २०२० मध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या परिसरांतल्या तीन विभागांत रक्ततपासणी करून प्रतिपिंडांचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्ट्यांतल्या सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, तर त्याच विभागांतल्या इतर वस्त्यांत १६ टक्क्यांना. विभागांची नावे तीच, वॉर्ड ऑफिसे तीच. फरक होता तो गल्लीत, सामायिक शौचालयात आणि एका खोलीत झोपणाऱ्या माणसांच्या संख्येत.

वस्तीचा तुकडा लहान केला की काम संपले, असेही नाही. त्या तुकड्यात मोजायचे काय, हा प्रश्न जास्त अवघड आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९८०च्या दशकात उत्तर इंग्लंडच्या आरोग्याचा अभ्यास करताना चार गोष्टी धरल्या: बेकारी, घरातली गर्दी, मोटार नसणे आणि स्वतःच्या मालकीचे घर नसणे. तिथे त्या चपखल बसल्या. मुंबईत लावून पाहा. मोटार नसणे इथे काहीच सांगत नाही. लोकलने जाणारा बँक अधिकारीही त्यात येतो. मालकीचे तर विचारूच नका. गिरगावातल्या चाळीत पागडीने राहणारा वकील कागदोपत्री भाडेकरू, आणि नाल्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत राहणारा माणूस गणकाला सांगताना घरमालक! बेकारीचेही तेच. ज्याचे हातावर पोट आहे, त्याला बेकार राहणे परवडतच नाही.

अमेरिकेतला अनुभव आणखी बोलका आहे. तिथल्या जनगणनेतल्या १७ बाबी घेऊन गोपाळ सिंह यांनी २००३ मध्ये परिसराच्या वंचिततेचा निर्देशांक मांडला. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने तो नकाशांसह सर्वांना खुला केला आणि संशोधनात तो सर्रास वापरला जाऊ लागला. नंतर टीकाकारांनी दाखवून दिले की या निर्देशांकात घरांच्या किमतींसारख्या डॉलरमधल्या आकड्यांचे पारडे फार जड होते. परिणामी घरे महाग असलेल्या न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्याही फारशा वंचित दिसत नाहीत. दरम्यान २०२३ पासून वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या एका योजनेत पैशाचे वाटप या निर्देशांकाशी जोडले गेले होते. हेच गणित मुंबईत केले, तर जमिनीचा भाव पाहून धारावी सुखवस्तू ठरेल. विकासकांना तशी ती दिसतेच म्हणा.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या वस्तू आणि सोयींवरून संपत्तीचा निर्देशांक काढतात: पक्के घर, नळ, शौचालय, टीव्ही, फ्रीज. देशभरच्या ढोबळ तुलनेला तो ठीक. पण गोवंडी-मानखुर्दमधल्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींपाशी तो फसतो. रस्तारुंदीत आणि रेल्वेच्या कामात झोपड्या गेलेल्या कुटुंबांना तिथे सात-आठ मजली इमारतींत २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. भिंत पक्की, नळ घरात, शौचालय स्वतंत्र. यादीतल्या प्रत्येक चौकटीत टिकमार्क. पण दोन इमारतींमधले अंतर इतके कमी की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो, आणि इमारतींमधल्या फटीत वरून टाकलेला कचरा साचत असल्याने खिडकी उघडायची सोय नाही. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने केलेल्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध याच रचनेशी, म्हणजे उजेड आणि हवेच्या अभावाशी, जोडलेला आहे. झोपडीतून या घरात आलेले कुटुंब निर्देशांकात वर चढले, आणि क्षयाच्या तावडीत सापडले.

म्हणून माझे म्हणणे असे की, वस्तीची वंचितता मोजताना मालमत्ता कमी आणि राहण्याची स्थिती जास्त मोजायला हवी. नळ आहे का, यापेक्षा पाणी किती वाजता आणि किती वेळ येते. खोल्या किती, यापेक्षा ऊन किती खोल्यांत येते. शौचालय किती घरांत मिळून आहे आणि रात्री तिथे दिवा असतो का. आणि जात. पाश्चात्त्य निर्देशांकात तिला रकाना नाही, पण कोणती वस्ती डम्पिंग ग्राउंडच्या कडेला गेली, हे आपल्याकडे तिच्याशिवाय समजत नाही.

यात एक धोका आहे आणि तो जुना आहे. चार्ल्स बूथ यांनी १८८९ मध्ये लंडनचा रस्त्यानिहाय नकाशा रंगवला, तेव्हा सर्वांत गरीब रस्त्यांना काळा रंग दिला आणि तिथल्या माणसांना जवळजवळ गुन्हेगारच ठरवले. आपल्याकडेही ‘क्षयाची बिल्डिंग’ असा शिक्का बसला, तर तिथल्या मुलीचे लग्न अडते आणि पत्ता सांगताच नोकरीही हुकते. शिवाय गल्लीचा आकडा म्हणजे गल्लीतला प्रत्येक माणूस नव्हे. धारावीतही डॉक्टर राहतात. तेव्हा बारीक आकडे वर्तमानपत्रात छापण्यासाठी नकोत, अभ्यासासाठी हवेत.

आणि ते गोळा होतातच. जनगणनेत प्रत्येक प्रगणक गटात सहाशे ते आठशे माणसे असतात, पण आपल्याला मिळतात ती त्यांच्या मोठ्या बेरजांची कोष्टके. २०१२ पासून क्षयरुग्णाची नोंद करणे बंधनकारक आहे, आणि तीत पत्ता असतो. लांबलेल्या जनगणनेची संदर्भ तारीख आता १ मार्च २०२७ आहे आणि १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद होणार आहे. जनगणना आयुक्तालयाने गोपनीयतेच्या कडक अटी घालून प्रगणक गटांचे आकडे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना खुले करावेत, आणि महापालिकेने आपल्या क्षयाच्या नोंदी त्यांच्याशी जोडून पाहाव्यात. पुनर्वसनाच्या पुढच्या इमारतींचे नकाशे मंजूर होण्याआधी हे व्हायला हवे.