थट्टेचें उत्तर

(शास्त्रपाठ : नहेम्या ४ : १–६; योहान १८ : १९–२४)



ख्रिस्ती मनुष्यास जीं दुःखें सोसावीं लागतात त्यांत थट्टा हें अगदीं लहान दुःख होय, असें पुष्कळांस वाटतें. उपासमार, आजार, छळ यांच्यापुढें कोणी हांसलें तर त्याचें काय एवढें, असें आम्ही सहज म्हणून जातों. परंतु ज्या मुलास शाळेच्या वाटेवर रोज चिडवितात त्याच्याकडे पाहा. सकाळ झाली कीं त्याचें पोट दुखूं लागतें, घास गोड लागत नाहीं, आणि घरीं कोणी विचारलें तर 'कांहीं नाहीं' म्हणून तो तोंड फिरवितो. जें दुःख सांगतां येत नाहीं त्यास लहान कसें म्हणावें? म्हणून या आठवड्यांत आपण या विषयाचा शास्त्राच्या आधारें विचार करूं.

रोम शहरांत पॅलेटाइन नांवाची टेकडी आहे. तिच्यावर रोमी बादशहांचे वाडे होते. इ. स. १८५७ सालीं तेथील एका इमारतींत, भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडून काढिलेलें एक चित्र सांपडलें. त्यांत वधस्तंभावर एक मनुष्य टांगलेला दाखविला असून त्यास डोकें गाढवाचें दिलें आहे. शेजारीं एक तरुण हात वर करून उभा आहे; आणि खालीं ओबडधोबड ग्रीक अक्षरांत, अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ति करीत आहे, अशा अर्थाचे शब्द आहेत. हें चित्र सुमारें अठराशें वर्षांपूर्वींचें असावें, असें पुष्कळ विद्वान मानितात. त्या इमारतींत बादशाही वाड्यांतील हुजऱ्या मुलांस शिक्षण देत असत, असें समजतात. ख्रिस्ती लोक गाढवाच्या डोक्याची पूजा करितात, ही चेष्टा त्या काळीं लोकांच्या तोंडीं होती. टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकानें इ. स. १९७ च्या सुमारास तिचा उल्लेख केला आहे. तेव्हां एका तरुणाची त्याच्या सोबत्यांनींच मांडलेली ही थट्टा असावी.

आज आमच्या मुलांच्या हातीं मोबाईल आहे. एका भिंतीवर राहणारें चित्र आतां क्षणांत साऱ्या वर्गापुढें जातें. परंतु चित्र काढणाऱ्याचें मन तेंच आहे, आणि ज्याचें चित्र काढिलें त्याची तळमळही तीच आहे.

आतां पुढची गोष्ट ऐका. त्याच इमारतीच्या शेजारच्या खोलींत निराळ्या हातानें कोरलेले दोनच लॅटिन शब्द सांपडले. त्यांचा अर्थ, अलेक्सामेनोस विश्वासू आहे. त्यांत शिवी नाहीं, चित्र काढणाऱ्याची उलट चेष्टा नाहीं, रडगाणेंही नाहीं. जें खरें तें सरळ लिहिलें आहे. थट्टेला ख्रिस्ती मनुष्याचें उत्तर कसें असावें हें या दोन शब्दांत आम्हांस दिसतें. आणि कोणा सोबत्यानें ते लिहिले असतील, तर मंडळीचें उत्तर कसें असावें हेंही त्यांतच आलें.

आपल्या प्रभूकडे पाहूं. त्याच्याइतकी थट्टा कोणाची झाली? शिपायांनीं त्यास जांभळें वस्त्र नेसविलें, कांट्यांचा मुगूट घातला आणि गुडघे टेंकून खोटा मुजरा केला. हन्ना याच्या वाड्यांत एका चाकरानें त्याच्या तोंडांत मारिली. तेव्हां प्रभूनें हात उगारला नाहीं. पण तो गप्पही राहिला नाहीं. मीं वाईट बोललों असेन तर तें दाखीव, नसेन तर मारिलें कां, असा त्यानें सरळ प्रश्न केला. पुढें हेरोदापुढें मात्र त्यानें एकही शब्द काढिला नाहीं, कारण हेरोदास सत्य नको होतें, तमाशा पाहिजे होता. आणि वधस्तंभावर, खालून हांसणाऱ्यांसाठीं त्यानें क्षमा मागितली. म्हणजे कधीं प्रश्न, कधीं मौन, आणि शेवटीं क्षमा. परंतु थट्टेची फेड थट्टेनें त्यानें एकदांही केली नाहीं.

नहेम्याचीही गोष्ट अशीच आहे. यरुशलेमाचा पडलेला तट तो बांधूं लागला तेव्हां सनबल्लट आणि तोबीया हांसले. एखादा कोल्हा चढला तरी हा तट कोसळेल, असें तोबीया म्हणाला. नहेम्यानें आपलें जळतें मन देवापुढें मोकळें केलें, आणि लोकांनीं दगडावर दगड ठेवणें चालू ठेविलें. थट्टेवरून गोष्ट हल्ल्यावर आली तेव्हां त्यानें पहारे बसविले. ओनोच्या मैदानांत भेटीस ये, असे चार वेळां निरोप आले, तरी काम टाकून तो गेला नाहीं. ५२ दिवसांत तट पुरा झाला. आमच्याच महाराष्ट्रांत, १८४८ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढिली. सावित्रीबाई शाळेस जात तेव्हां लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेंकीत. तरी त्यांनीं शाळेची वाट सोडिली नाहीं. त्या ख्रिस्ती नव्हत्या, परंतु या गोष्टींत त्या आम्हांस गुरूच होत.

यावरून आईबापांनीं व पाळकांनीं काय शिकावें? चिडविलेलें मूल घरीं आलें म्हणजे आम्ही त्यास बहुधा दोन सल्ले देतों. एक, 'तिकडे लक्षच देऊं नकोस.' दुसरा, 'त्यानें एक दिली तर तूं दोन दे.' पहिल्यानें मूल एकटें पडतें. दुसऱ्यानें तें चिडविणाऱ्यासारखेंच होतें. प्रथम त्याचें सर्व ऐकून घ्यावें, आणि 'यांत तुझा दोष नाहीं' असें त्यास स्पष्ट सांगावें. मग गुरुजींस भेटावें. मारहाण किंवा धमकी असेल तर मुख्याध्यापकांकडे जावें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर कायद्याचा आधार घ्यावा. शिक्षणसंस्थांतील रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रांत १९९९ सालीं कायदा झाला आहे, आणि संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनीचा क्रमांक आहे. असें करणें अविश्वासाचें नव्हे. फिलिप्पै येथें पौल व सीला यांस चौकशीवांचून फटके मारून तुरुंगांत घातलें. दुसऱ्या दिवशीं अधिकारी त्यांस गुपचूप घालवूं लागले, तेव्हां त्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असें पौलानें सांगितलें. मनांत क्षमा आणि तोंडीं न्यायाची मागणी, या दोन्ही एका भक्ताच्या ठायीं राहूं शकतात.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, त्या मुलास वाटेवर सोबती मिळवून द्यावा. रविवारच्या शाळेंतील दोन मोठीं मुलें त्याच्याबरोबर चालूं लागलीं, तर त्याचें अर्धें भय तेथेंच जाईल. अंगणांतील शेकोटीपाशीं पेत्र एकटा होता. एका दासीच्या विचारण्यानें तो डगमगला आणि आपल्या प्रभूस नाकारून बसला. एकटेपणांत भलेभले पडतात, मग लेंकरांचें काय?

परंतु बंधूंनो, बोट बाहेर दाखवितांना आपल्या मंडळीकडेही पाहिलें पाहिजे. बोबड्यास 'बोबड्या' आणि लंगड्यास 'लंगड्या' म्हणून हांका मारणारे आमच्यांत नाहींत काय? अडखळत प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहून मागच्या रांगेंत कोणी हांसत नाहीं काय? एखाद्या कुटुंबाची पूर्वींची जात काढून त्यास टोमणे मारणारे सभासद आहेत, हें आम्ही जाणतों. भावास मूर्ख म्हणणें ही न्यायासनापुढें जाण्याजोगी गोष्ट आहे, असें प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत शिकविलें. जगानें आमची थट्टा केली तर आमचा विश्वास कसोटीस लागतो. आम्हीं भावाची थट्टा केली तर त्याचा विश्वास बुडतो, आणि त्याचा जाब आम्हांकडे मागितला जाईल.

शेवटीं थट्टा करणाऱ्याविषयीं एक शब्द. प्रभूबरोबर वधस्तंभीं दिलेले दोघेही आरंभीं त्याची निंदा करीत होते, असें मत्तय व मार्क सांगतात. त्यांतील एकाचें मन फिरलें आणि त्यास सुखलोकाचें वचन मिळालें, असें लूक सांगतो. शेजारचा मनुष्य शिव्यांस शिव्या देत नाहीं, हें त्यानें त्या घटकांत डोळ्यांनीं पाहिलें होतें. आमच्या मुलांस चिडविणारेंही कोणाचें तरी मूल आहे. त्यास आवरावें, शिक्षा लागेल तर ती होऊं द्यावी. परंतु त्याच्यासाठीं प्रार्थना करावयाची सोडूं नये.

या आठवड्यांत प्रत्येक मंडळीनें आपल्या गांवांतील असें एक मूल शोधून काढावें. त्याच्या घरीं जावें, त्याच्याजवळ बसावें, आणि त्याच्या भिंतीवर आपल्या हातानें ते दोन चांगले शब्द लिहावे.

हे प्रभो, तूं कांट्यांचा मुगूट सोसलास. हांसणाऱ्यांच्या गर्दींत आम्हांस स्थिर ठेव, रडणाऱ्याच्या शेजारीं उभें कर, आणि आमच्या जिभेस पहारा बसीव. आमेन.