मुलाची कसली काळजी?

जून महिना आला म्हणजे केंदूरासारख्या गावांतून बारावी उतरलेली मुले शिक्रापूरमार्गे पुण्यास शिक्षणासाठी जाऊ लागतात. अशाच एका जूनमध्ये आम्ही केंदूर येथे एका घरी प्रार्थनेस गेलो असता घरधनी म्हणाले, "पाळकसाहेब, मुलगी धाडायची असती तर दहादा विचार केला असता. मुलाची कसली काळजी?" सर्व हसले. आम्हीही हसलो. ते हसणे आम्हांस पुढे फार दिवस बोचत राहिले, व त्याचे कारण वाचकांस सांगणे आम्हांस भाग आहे.

त्याच्या काही वर्षे आधी दुसऱ्या एका गावचा तरुण (गावाचे नाव सांगत नाही, सांगितल्यास तो ओळखू येईल) अर्ध्या सत्रातच वसतिगृह सोडून घरी आला होता. बापाने त्याला आमच्याकडे आणले. पुष्कळ विचारल्यावर तो खाली मान घालून इतकेच म्हणाला, की वरच्या वर्गातील मुले रात्री खोलीत बोलावतात व कपडे उतरावयास लावतात. आम्ही त्यास म्हणालो, "अरे, सर्वांचे असेच होते. पुरुषाने धीर धरावा." मग त्याच्यासाठी प्रार्थना केली व त्यास एस.टी.त बसवून दिले. दोन महिन्यांनी तो कायमचा परत आला. उरलेली हकीकत त्याने आम्हांस चार वर्षांनी सांगितली. ती येथे लिहिण्याजोगी नाही. शेवटी तो म्हणाला, "त्यांनी केले ते मी कसेबसे सोसले. पण सर्वांचे असेच होते असे तुम्ही म्हणालात, त्यानंतर सांगण्यासारखे माणूसच उरले नाही."

आता प्रश्न असा की, शरीर पुरुषाचे असले म्हणून अन्याय लहान होतो काय? तसे कोणी उघड म्हणणार नाही, परंतु आपण सर्व वागतो तसेच. घरी चोरी झाली तर लाज चोराला वाटावी असे आपण मानतो. ह्या एका अपराधात मात्र लाज लुटलेल्याच्या पदरी घालतो. स्त्रीला म्हणतो, "तूच काही केले असशील." पुरुषाला म्हणतो, "तुझ्यासारख्या गड्याला कोण काय करणार?" शब्द निराळे, पण दोन्हींचा अर्थ एकच, की तुझे ऐकण्याची आम्हांस गरज नाही. वास्तविक हा अपराध बहुधा वासनेपेक्षा सत्तेचा असतो. ज्याची सही प्रबंधावर हवी तो मार्गदर्शक, जो खोली देतो तो अधिकारी, जो दोन वर्षे पुढे आहे तो विद्यार्थी, ह्यांच्यापुढे नव्या मुलाच्या दंडातील बळ काय कामाचे?

योसेफाची कथा आपल्या मंडळ्यांतील लेकरांनाही पाठ आहे. पण आपण ती मोह टाळण्याचा धडा म्हणून सांगतो आणि पुढे जातो. तो विकत घेतलेला गुलाम होता व पोटीफराची बायको त्याची मालकीण होती. ती दररोज त्याच्या मागे लागे. तो पळाला, तेव्हा त्याचेच वस्त्र त्याच्याविरुद्ध पुरावा झाले, आणि तुरुंगात टाकण्यापूर्वी त्याला कोणी काही विचारल्याचे त्या अध्यायात लिहिलेले नाही. येथे एक इशारा देणे जरूर आहे. ही कथा पुढे करून तक्रार करणाऱ्या स्त्रियांना खोटे ठरविणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्या घरात सत्ता कोणाची होती हे ते विसरतात. छळ सोसणाऱ्यांत स्त्रियाच फार अधिक आहेत. १९९७ चा विशाखा निकाल व २०१३ चा कायदा त्यांनी कष्टाने मिळविला. त्यांना गप्प करण्यापुरतीच ज्यांना पुरुषांची आठवण होते, ते पुरुषांचेही हितकर्ते नव्हेत.

तरी वस्तुस्थिती पाहावी. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील बालकांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत लैंगिक छळ सांगणाऱ्यांत निम्म्याहून किंचित अधिक मुलगे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात पहिल्या वर्षाचा एक मुलगा वसतिगृहाच्या सज्जातून पडून मेला. वय अठराच्या आत. त्याला विवस्त्र करून छळल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळातील कोट्टायमच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात तशाच छळाबद्दल पाच विद्यार्थ्यांना अटक झाली.

कायद्याची गोष्ट चमत्कारिक आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, २०१२ चा पॉक्सो कायदा दोघांचे सारखेच रक्षण करतो. वाढदिवस उलटला की मुलाचे छत्र निम्मे उडते. जुन्या दंडसंहितेचे ३७७ कलम पुरुषावरील बळजबरीस लागू पडे; १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत त्याच्या जागी काहीच नाही. मारहाण, कोंडून ठेवणे, धमकी ही कलमे राहिली, पण झालेल्या गोष्टीचे खरे नाव त्यांत नाही. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत लैंगिक छळ व विवस्त्र करणे हेही रॅगिंगच, असे लिहिले आहे. आणि २०१६ च्या नियमांत काही पुरुष विद्यार्थीही अशा छळास बळी पडू शकतात, असे मान्य केले आहे. तेव्हा मुलगा अगदीच निराधार नाही. परंतु ह्यांपैकी कोणतेही दार, त्याने तोंड उघडल्यावाचून सहसा उघडत नाही.

पुढल्या जूनमध्ये आम्ही पुन्हा केंदूरच्या त्या घरी गेलो. मुलगा सुटीवर आला होता. आमच्या हातून एका मुलाच्या बाबतीत काय घडले ते आम्ही नाव न घेता सर्वांसमक्ष सांगितले. मग रॅगिंगविरोधी मदतीचा फोन क्रमांक, १८००-१८०-५५२२, दिला. घरधन्यांनी तो कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला आणि मुलाकडे न पाहता विचारले, "तुला ठाऊक होता का हा?"

मुलगा म्हणाला, "हो."

आम्ही अधिक काही विचारले नाही. निघालो तेव्हा तो आपण होऊन आमच्याबरोबर एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत आला, आणि गाडी आली तरी परत फिरला नाही. ती गाडी आम्ही जाऊ दिली.