लाभ आणि लोभ



दीपावलीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी नव्या वहीची पूजा करतो आणि पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ असे लिहितो. आपल्या पूर्वजांनी लाभ त्याज्य मानला नाही. मात्र त्याच्या आधी ‘शुभ’ लिहिले. लोभाने समाजाचे हित होते की अहित, या प्रश्नाचे उत्तर या दोन शब्दांच्या क्रमातच आहे.

धर्म, अर्थ, काम व मोक्ष या चार पुरुषार्थांत अर्थाला स्थान आहे आणि ते धर्मानंतरचे आहे. शेतकरी धान्य पिकवतो, व्यापारी ते दूरच्या गावी पोहोचवतो, दुकानदार ते आपल्या दारी ठेवतो. या श्रमाचे व जोखमीचे मोल म्हणजे नफा. तो मिळाला नाही तर बाजार थांबेल, आणि गृहस्थाची चूलही थांबेल. म्हणून न्याय्य नफा हा दोष नव्हे.

काही जण याच्याही पुढे जाऊन म्हणतात, की लोभ नसता तर मनुष्याने उद्योगच केला नसता. परंतु उद्योगाला लावते ती गरज आणि श्रमाच्या फळाची अपेक्षा. त्या अपेक्षेला ‘पुरे’ हा शब्द ठाऊक असतो. लोभाला तो ठाऊक नसतो. म्हणूनच श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी काम व क्रोध यांच्याबरोबर लोभाला नरकाचे द्वार म्हटले आहे.

नफा कोठे संपतो व लोभ कोठे सुरू होतो, हे दुष्काळात स्पष्ट दिसते. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. देहूच्या श्री तुकाराम महाराजांच्या घरी वाण्याचा व्यवसाय, सावकारी आणि पेठेची महाजनकी होती. त्या दुष्काळात त्यांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली आणि व्यापार बुडाला. पुढे त्यांनी काय केले, हे परंपरा सांगते. ऋणकोंची खतपत्रे समोर होती. वसुली करणे व्यवहाराला धरून होते. पण देणारा आधीच नागवला गेला होता. महाराजांनी खतांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकटे बंधू कान्होबा यांना दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडविला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांनी त्याग केला तो स्वतःच्या हक्काचा. भावाच्या प्रपंचावर तो लादला नाही. व्यवहाराची त्यांनी निंदा केली नाही. दुसऱ्याच्या विपत्तीतून येणारे धन मात्र नाकारले.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरणही इतिहासात आहे. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्याची कारणे अनेक होती. युद्ध होते, शासनाची अनास्था होती. पण त्यांबरोबर साठेबाजीही होती. चौकशी आयोगाने १९४५ च्या अहवालात सुमारे १५ लाख मृत्यूंचा अंदाज दिला आणि या आपत्तीतून काहींनी प्रचंड नफा कमावल्याची नोंद केली. नंतरच्या अभ्यासकांनी मृतांची संख्या याहूनही पुष्कळ अधिक मानली आहे. अलीकडे, २०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत औषधांचा काळाबाजार आपण पाहिला. आणि त्याच दिवसांत अनोळखी रुग्णांच्या घरी विनामूल्य डबे पोहोचविणारे हातही पाहिले. काळ एकच, संकट एकच. भेद केवळ वृत्तीचा.

म्हणून प्रत्येकाने व्यवहार करताना स्वतःस एक प्रश्न विचारावा : माझ्या लाभात समोरच्याचेही काही भले होते आहे, की त्याच्या अडचणीवरच माझा लाभ उभा आहे? वजनात मारलेले माप, दुधात मिसळलेले पाणी, अडलेल्याकडून घेतलेले अवाच्या सवा व्याज, यांतून आलेले धन देवापुढे ठेवल्याने शुद्ध होत नाही. दानपेटीत टाकलेल्या रकमेपेक्षा ती कोणत्या मार्गाने आली, हे भगवंत आधी पाहतो.

पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ असे लिहितो. तेथे लोभ म्हणजे माया, आपुलकी. ज्याला माणसांचा लोभ आहे, त्याला धनाचा लोभ सहसा जडत नाही. या तीर्थक्षेत्रातून परतताना तो लोभ आपण सर्वांनी सोबत न्यावा आणि आपल्या वहीतील ‘लाभ’ सदैव ‘शुभ’ राहावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥