कॅमेऱ्याची सबब

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला मनुष्यस्वभाव चांगलाच कळला असला पाहिजे. तथापि अंगण खरोखरच वाकडे असेल तर काय म्हणावे, याचा विचार त्या म्हणीत नाही. अशा वेळी नाचणाऱ्याचा दोष किती व अंगणाचा किती, हे निवडणे कठीण असते. परंतु तेच अंगण वर्षानुवर्षे हळूहळू सरळ होत गेले, तर एके दिवशी नाचणाऱ्यास आपल्या पायांकडे पाहणे भाग पडते. छायाचित्रणाच्या बाबतीत तो दिवस जवळ आला आहे असे आम्हांस वाटते.

आमच्या परिचयाच्या तरुण मंडळींत नव्या कॅमेऱ्याची वार्ता मृगाच्या पावसाच्या वार्तेसारखी येते. यंत्र बाजारात येण्याच्या कितीतरी महिने आधी त्याच्या सेन्सरविषयी तर्क सुरू होतात. त्याची डायनॅमिक रेंज एका स्टॉपने वाढेल की अर्ध्याने, यावर वाद झडतात. या डायनॅमिक रेंजला आपण येथे ‘उजेडाचा पल्ला’ म्हणू. ज्यांस हा विषय अपरिचित असेल त्यांनी भर दुपारी वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळात जावे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागील भिंत कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून माशाच्या आकाराची केली आहे, हे पुष्कळांस ठाऊक असेल. मंडपाच्या सावलीत उभे राहून एकदा आतल्या दगडाकडे व एकदा बाहेरच्या उन्हाकडे पाहावे. डोळा क्षणभर दिपतो, पण दोन्ही पाहतो. कॅमेऱ्याने ही दोन्ही एकाच चौकटीत घेऊ गेल्यास मात्र आजवर एकावर पाणी सोडावे लागे. दगड साधला तर ऊन पांढरेफटक, ऊन साधले तर दगड काळाठिक्कर. भर उन्हाचा उजेड आणि समईपलीकडच्या कोपऱ्यातला उजेड यांत दहा हजार पटींचे अंतर सहज असू शकते.

सेन्सर म्हणजे लक्षावधी सूक्ष्म वाट्या मांडलेले ताट समजावे. वाटीत उजेड पडला की इलेक्ट्रॉन साठतात. ती काठोकाठ भरली की पुढचा उजेड वाया जातो व चित्र तेथे पांढरे पडते. उलटपक्षी अगदी थोडे जमले, तर ते मोजणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या कुरबुरीत हरवून जाते. भरलेली वाटी आणि ही कुरबूर यांचे गुणोत्तर म्हणजे उजेडाचा पल्ला. वाटीत ५०,००० इलेक्ट्रॉन मावत असतील व कुरबूर ३ इलेक्ट्रॉनांची असेल, तर हे गुणोत्तर १६,००० च्या वर जाते. प्रत्येक स्टॉप म्हणजे उजेडाची एक दुप्पट, असा हिशेब केला तर हे सुमारे १४ स्टॉप झाले. आजचे उत्तम कॅमेरे याच्याच आसपास आहेत. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याच्या चित्रात अवघे १०,००० बिंदू होते व एक चित्र फितीवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत. तेथून येथवरची मजल थक्क करणारी आहे.

पुढे काय होईल? एकाच वाटीतला साठा लहान व मोठ्या अशा दोन मापांनी मोजून त्यांचा मेळ घालण्याची युक्ती आता रूढ होत आहे. प्रकाशाचा एकेक कण मोजणारे सेन्सरही तयार झाले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये कॅनन कंपनीने देखरेखीच्या कामासाठी जो सेन्सर जाहीर केला, त्याचा पल्ला १४८ डेसिबल, म्हणजे २४ स्टॉपांहून अधिक आहे. तो चौकटीचे ७३६ भाग पाडतो आणि कोणत्या भागाने किती उजेड घ्यावा हे स्वतःच ठरवतो. सामान्य छायाचित्रकाराच्या हाती एवढा पल्ला इतक्यात येईल असे आम्हांस वाटत नाही. एकदोन स्टॉपांची वाढ मात्र खात्रीने येईल. त्यापलीकडे प्रकाश स्वतःच अडवतो. तो पावसासारखा थेंबाथेंबाने पडतो. सरासरीने जेथे १०० कण पडावयाचे तेथे १० कमीअधिक पडणार, हा निसर्गाचाच नियम आहे.

परंतु पल्ला कितीही वाढला तरी चित्र शेवटी पाहावयाचे ते कागदावर किंवा पडद्यावर. चांगल्या कागदावरही अगदी काळा व अगदी पांढरा यांत सुमारे शंभर पटींचेच अंतर असते. सोळा हजारांचा ऐवज शंभरांत बसवावयाचा, तर काय ठेवावे व काय सोडावे हे कोणाला तरी ठरवावे लागते. पूर्वी ते यंत्राच्या दुबळेपणाने ठरत असे. आता ते छायाचित्रकार ठरवतो, अथवा त्याच्या वतीने यंत्राचा कर्ता आधीच ठरवून ठेवतो. निवड टळत नाही, केवळ तिचा कर्ता बदलतो.

अंधार म्हणजे केवळ उजेडाचा अभाव, असे नैयायिकांचे मत. तो स्वतंत्र द्रव्य आहे, असे भाट्ट मीमांसकांचे. ज्या वाईत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले, तेथे हा वाद उकरून काढण्यास संकोच नसावा. सेन्सरपुरते पाहिले तर उजेड संपतो तेथे शून्य नसते, यंत्राची कुरबूर असते. तीच वर उचलून दाखवली तर वस्तू पाहत आहोत अशा समजुतीने आपण यंत्रालाच पाहत असतो. अलीकडची यंत्रे ही कुरबूर पुसतात व तिच्या जागी अनुमानाने काही भरतात. भरावयाचे काय, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर जाते, आणि येथेच तंत्राचा प्रश्न संपून नीतीचा सुरू होतो.

सावळ्या माणसाचे छायाचित्र घेऊ. पांढरे धोतर उजेडाचा बहुतेक भाग परत फेकते, काळी त्वचा त्याच्या दशांशाएवढाच. त्यात पागोट्याची सावली चेहऱ्यावर पडली की अंतर आणखी वाढते. धोतर राखावे तर चेहऱ्याचा काळा ठिपका होई. अंगण खरोखरच वाकडे होते. इतकेच नव्हे, रंगीत छपाईचा मेळ तपासण्यासाठी कोडॅकने जी नमुनाचित्रे प्रयोगशाळांना दिली, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रियाच असत. त्यांस ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तथापि सारे खापर तिकडे फोडता येत नाही. आपल्या गावोगावच्या स्टुडिओंत निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने चेहऱ्याचे काम करीत. शिशाचा थर बसला की छापात तेवढी जागा उजळ येई. ती पेन्सिल यंत्राने मागितली नव्हती, गिऱ्हाइकाने मागितली होती.

आमच्या नात्यातील एका सावळ्या मुलीचे काही वर्षांमागे लग्न झाले. फोटोंचा अल्बम घरी आला तेव्हा तिच्या आजीने चष्मा लावून एक पान बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “ही कोण गं?” मुलगी हसली व म्हणाली, “अगं आजी, मीच ती.” सगळे हसले. पुढे आम्ही छायाचित्रकारास याविषयी छेडले तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, “सर, कॅमेऱ्यात सगळं नीट आलं होतं. पण मुलगी चांगली दिसू द्या, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?” सांगितले होते खरे. ‘उजळ’ हा शब्द आम्ही उच्चारला नव्हता, परंतु ‘चांगली’ या शब्दाचा आमच्या समाजातला अर्थ त्याने अचूक ओळखला. आम्हांस निरुत्तर व्हावे लागले.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक चित्र ही निवडच असेल तर थोडे उजळणे तेवढे पाप कसे? आक्षेप योग्य आहे. सावलीत बुडालेला चेहरा वर आणणे म्हणजे असत्य नव्हे. आपला डोळाही तेच करतो. परंतु उजेडाअभावी जे दिसले नाही ते दाखवणे निराळे, आणि जे दिसले पण आवडले नाही म्हणून बदलणे निराळे. या दोहोंतली सीमा नेहमी स्पष्ट नसते, हेही कबूल. अशा वेळी आम्ही एक साधी कसोटी सुचवितो: चित्रात आपण जे केले ते, व का केले ते, चित्रातल्या व्यक्तीस तोंडावर सांगता येईल काय? ‘तुझा चेहरा सावलीत होता म्हणून वर आणला’ हे आम्ही त्या मुलीस आनंदाने सांगितले असते. दुसरे कारण सांगण्यास आमची जीभ रेटली नसती.

यंत्राच्या कर्त्यांसही या प्रश्नाची जाणीव होऊ लागली आहे. २०२१ साली गूगलने आपल्या फोनमध्ये निरनिराळ्या वर्णांच्या त्वचा यथातथ्य उमटाव्यात अशी योजना केली. ती स्वागतार्ह आहे. पण यंत्राने दिलेली यथातथ्यता नको म्हणण्याची मुभा आमच्याच बोटात राहते.

त्या मुलीच्या आग्रहावरून छायाचित्रकाराकडून मूळ चित्रे मागवून घेतली. त्यांत ती जशी आहे तशीच होती. भरजरी शालूचा एकही धागा पांढरा पडला नव्हता आणि चेहऱ्यावरची एकही छटा बुडाली नव्हती. त्या यंत्राच्या १४ स्टॉपांत ती पूर्ण मावली होती. न मावली ती आमच्या दोन शब्दांत. पुढचा कॅमेरा १५ स्टॉपांचा येवो की १६ चा, त्याची वाट तरुणांनी हौसेने पाहावी. आम्हांस त्याच्याकडून एवढेच कळते की, त्याच्यावर ढकलण्यासारखे आता आमच्यापाशी फारसे उरलेले नाही.